मदत हवी आहे: आफ्रिकेतल्या मलावीत ट्रॉमा (गंभीर इजांवरचे उपचार) ट्रेनिंग, कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. आमची टीम मलावीतल्या एका जिल्हा हॉस्पिटलात शिकवायला जाणारे, डब्ल्यूएचओ आणि रेड क्रॉसचा २०१८ चा बेसिक इमर्जन्सी केअर कोर्स. जगात दरवर्षी इजांनी ४४ लाखांच्या आसपास माणसं जातात, बहुतेक गरीब नि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, हे वाचल्यापासून जिवाला चैन नाहीये. पेल्विस (कटीचं हाड) मोडलं की चादर कमरेला नाही, खाली मांड्यांच्या वरच्या हाडांवर आवळायची, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड इजेनंतर तीन तासांच्या आत द्यायचं, एवढं मी हाताने करून दाखवीन, पण आम्ही परतल्यावर काय टिकणार? दान दिलेली मशीन्स पार्ट न मिळाल्याने धूळ खातात, तसं नको. तिथल्याच सिस्टरांना ट्रेनर कसं करायचं, कोणी केलंय का? प्लीज सांगा.