जग भरतंय म्हणे, मग आमच्या वाडीत कुलपं का? मुलांना काय सांगता?

खाडीकाठ (धागा काढणारी): देवगड तालुक्यात राहते. लेक पाचवीत. 'लोकसंख्यावाढ : एक समस्या' असा निबंध लिहून न्यायचा होता. चार ओळी झाल्यावर पेन ठेवून विचारते, "आई, माणसं एवढी वाढतायत, मग आपल्या वाडीतली सात घरं गणपतीतच का उघडतात?" मी निरुत्तर. खरंच आहे, २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढून १२१ कोटी झाली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची घटली. मी तिला 'समस्या' हा शब्दच खोडायला लावला. चूक केली?

दादरचा चाकरमानी: चूकच. वाडीतली माणसं नाहीशी नाही झाली, ती आमच्या चाळीत आहेत. एका खोलीत नऊ जण वाढलो, नळावर पहाटे चारला रांग. १९२७ च्या सुमारास जग २०० कोटींचं होतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी. याला समस्या नाही म्हणायचं तर काय सण म्हणायचं? तिला एकदा संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढवा, निबंध आपोआप होईल.

निवृत्त गुरुजी: लोकल दाखवून भीती शिकवता येते, कारण नाही. मी वर्गात आजी विचारायला लावायचो. "आजीला भावंडं किती झाली आणि जगली किती?" माझ्या आजीची अकरा बाळंतपणं, जगली चार. आईची पाच, पाचही जगली. आम्हाला दोन. आकडा फुगला तो मधल्या पिढीत, लोक जास्त पोरं काढू लागले म्हणून नव्हे, पोरं मरायची थांबली म्हणून. लस, औषधं, धान्य. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात बाईमागे सरासरी दोनच मुलं आली. तरी संख्या चढतेच, कारण आईबाप होण्याच्या वयाचे लोकच भरपूर आहेत. पाचवीतल्या मुलीला हे सहज कळतं, मोठ्यांनाच कळत नाही.

काजीची बी: ह्या झाला माणसांचा. माल जगभर कसो फिरता, ता जागतिकीकरण माका इचारा. माझो काजीचो कारखानो आसा, वेंगुर्ल्याकडे. बी आफ्रिकेतसून येता, फोडतत आमच्या गावची बायलमाणसा, गर जाता मुंबैक. आणि काजीचा झाड तरी आमचा खय? पोर्तुगिजांनी ब्राझीलसून हाडल्यानी. पोराच्या हातात एक बी देवा, पुस्तक नको.

कलमवाला: वा शेटजी! तीच आफ्रिकेची बी आली की आमच्या गावठी बीचा दर बसतो, ते कोण सांगणार? १ मे २०१४ पासून युरोपने आपला हापूस बंद केला, फळमाशी सापडली म्हणून. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, पण ऐन हंगाम तर गेलाच ना. जग जवळ आलं म्हणजे तिकडच्या एका माशीने इकडची पेटी अडते. हेही शिकवा.

काजीची बी: माशी तिकडची न्हय, तुमच्याच आंब्यातली.

कलमवाला: असो. 😄

दादरचा चाकरमानी: गुरुजींचं पटलं, अर्धं. पण गर्दी सोसणाऱ्याला 'समस्या' म्हणू द्या की.

खाडीकाठ: भाऊ, मग तुम्हीही तिला उत्तर द्या. तिच्या वर्गात आठ मुलं. त्यातली दोन आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली, मालवणी माझ्यापेक्षा बरी बोलतात. आमचे गेले मुंबईला, त्यांचे आले इथे. तिने निबंधाचं नाव आता 'कोण खय गेलो' ठेवलंय. बाई किती गुण देतात बघू. आणि तुमचं घर मे महिन्यात उघडताय का? पाठची भिंत पावसात जाईल.

दादरचा चाकरमानी: रजा नाही. गणपतीत बघतो.