मदत हवी आहे: मोज्यांच्या उरलेल्या लोकरीचा काऊल (गळ्यात घालायचा बंद गोल मफलर), पट्ट्यात पायरी पडतेय

गुंडाबाई: भाचीने मोजे विणून उरलेले गुंडे दिलेत, चारपाच रंग आहेत, त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा साधा काऊल करतेय. जिथे रंग बदलते तिथे पट्टा जुळतच नाही, एक टाका वर चढलेला दिसतो. उसवून बघितलं, परत तेच. ती परत जायच्या आत द्यायचाय, लवकर सांगा कोणीतरी.

चिपळूणची काकू: गोल सुईवर की दोन सुयांवर विणून मग शिवतेस? पट्टा किती ओळींचा? सुई कितीची? फोटो टाक.

गुंडाबाई: गोल सुईवरच हो, 10 नंबर. नुसतं सुलट. फोटो चढत नाहीये, रेंज नाही.

खाडीकाठ: 10 ची?? एवढ्या बारीक लोकरीला? मासे धरायचं जाळं होईल की!

देवगडवाले: अहो 10 नंबर, 10 मिमी नव्हे. आपल्या जुन्या सुयांना नंबर मोठा तेवढी सुई बारीक, 10 म्हणजे सव्वातीन मिमी. तरी काऊलला ताठच होणार, 8 नंबर घ्या म्हणजे 4 मिमी, छान मऊ पडतो.

गुंडाबाई: सुईचं नाही विचारलं, पायरीचं विचारलंय 🙏

मालवणी झील: हय घामान जीव जाता आणि तुमी गळ्यात लोकर घालतास?

दापोलीकर: आमच्याकडे जानेवारीत पहाटे येऊन बघ, मग बोल.

क्रोशेवाली: क्रोशे करा ना, एका दिवसात होतो, टाके सुटायची भीती नाही.

चिपळूणची काकू: तिला विणायचंय गं, प्रत्येक चर्चेत क्रोशे काय! गुंडाबाई, तुझं चुकत नाहीये. गोल विणताना फेरी बंद होतच नाही, टाके गोल गोल वर चढत जातात, म्हणून फेरीचा शेवटचा टाका पहिल्यापेक्षा एक घर वर येतो. नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी विण. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला, पहिल्या टाक्याच्या बरोब्बर खाली जुन्या रंगाचा टाका आहे त्याची उजवी बाजू उचलून डाव्या सुईवर घे आणि दोन्ही मिळून एकच सुलट टाका विण. बस. पट्टा निदान दोन फेऱ्यांचा हवा, एका फेरीच्या पट्ट्याला हे चालत नाही.

देवगडवाले: एवढा उपद्व्याप कशाला, दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवा.

चिपळूणची काकू: सरकवलेला टाका लांबट दिसतो. करून बघा आणि मग सांगा.

देवगडवाले: मी तसंच करतो, कोणी बोट दाखवलेलं नाही अजून.

खाडीकाठ: उरलेली लोकर पावसाळ्यात कुठे ठेवता? माझ्या पेटीत कसर लागली.

दापोलीकर: नीट वाळवून झिपच्या पिशवीत, कडुनिंबाचा पाला टाकून.

गुंडाबाई: काकू जमलं!! जोड शोधावा लागतोय. पण आता खालची कड गुंडाळून वर येतेय, ती इस्त्रीने बसेल का?

चिपळूणची काकू: नाही बसायची, नुसत्या सुलट विणीची कड वळतेच. खाली काही फेऱ्या एक सुलट एक उलट घातलेस का?

क्रोशेवाली: क्रोशेची किनार लावा.