समुद्राचा तळ मोजून काय मिळणार म्हणे!

खानापूरकर:
परवा बेळगावातल्या शहापूरच्या बंड्यानं लिहिलं, "लक्षद्वीपच्या प्रवाळाचे नकाशे काढायला बोटी आणि सॅटेलाइट, आणि आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी. असल्या रिकामटेकड्या उद्योगांना पैसे देतं कोण?" दोन दिवस गप्प बसलो, आज राहवेना. बाबा रे, मी चार वर्षं त्याच रिकामटेकड्या उद्योगात काढलीत, सर्व्हेच्या बोटीवर. लोकांना वाटतं खोल समुद्र मोजणं अवघड. उलटं आहे. मल्टिबीम सोनार म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, ते बोटीखाली पंख्यासारखा आवाज पसरवतं आणि पाणी जेवढं खोल तेवढा तो पंखा रुंद. हजार मीटर पाण्यात एका फेरीत तीन-चार किलोमीटरचा पट्टा निघतो, दहा मीटरच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, जेमतेम तीस-चाळीस मीटरचा. म्हणजे शेत नांगरल्यासारखं दिवसभर ये-जा, आणि खालचा खडक बोट कधी फाडेल नेम नाही. म्हणून बेटांभोवतीचं उथळ पाणीच नकाशात कोरं राहतं. एकदा सकाळी एकदाच पाण्याचं तापमान घेतलं आणि सुटलो, दुपारी स्क्रीनवर बघतो तर सपाट वाळूच्या दोन्ही कडा भाजलेल्या पापडासारख्या वर वळलेल्या. वाळू तशीच होती, ऊन चढलं तसा पाण्यातला आवाजाचा वेग बदलला होता. अख्ख्या दिवसाचं काम पुन्हा. याला रिकामटेकडं म्हणतोस?

शहापूरचा बंड्या:
नांगरत बस की, कुणी अडवलंय. तू घाम किती गाळलास ते मी विचारलंच नव्हतं. नकाशानं प्रवाळ वाचतंय काय, तेवढं सांग. १९९८, २०१०, २०१६, २०२४, चारदा तिथलं प्रवाळ पांढरं पडलं, पाणी तापलं म्हणून पडलं. नकाशा भिंतीवर टांगला तर पाणी गार होतंय काय? एक्स-रे काढून काढून फाइल जाड केली म्हणून पेशंट बरा होत नाही मर्दा.

टिळकवाडी कट्टा:
नकाशा चुकला की काय होतं ते बघ. जानेवारी २०१३, अमेरिकन नौदलाचं गार्डियन हे सुरुंग काढणारं जहाज फिलिपाइन्समध्ये तुब्बाताहाच्या प्रवाळावर चढलं. त्यांच्या डिजिटल नकाशात ते प्रवाळ खऱ्या जागेपासून आठेक मैल सरकलेलं होतं. जहाज शेवटी तिथंच कापून तुकड्या-तुकड्यांनी काढलं आणि दोन हजार चौरस मीटरच्या वर प्रवाळ खलास. आता बोल.

शहापूरचा बंड्या:
बोलतो की. अर्धीच गोष्ट सांगूलास. तिथं दीपगृह होतं, डोळ्यांना दिसत होतं, तरी हे लोक स्क्रीनवरच्या नकाशाला चिकटून बसले, असं त्यांच्याच चौकशीत निघालं. म्हणजे प्रवाळ मेलं ते नकाशावरच्या आंधळ्या भक्तीनं. धन्यवाद, माझाच मुद्दा मांडलास.

टिळकवाडी कट्टा:
दीपगृहाचं मान्य, पण त्यावरून नकाशेच नकोत असं कसं होईल? मात्र खानापूरकर, एक तुम्हालाही. आता बोटी कशाला? ॲलन कोरल ॲटलास हा प्रवाळांचा नकाशा २०२१ मध्येच जगभराचा झाला, सॅटेलाइटवरून, घरी बसून फुकट बघता येतो.

खानापूरकर:
बघा, छान आहे, मीही बघतो. पण त्यात दहा-पंधरा मीटरच्या खालचं काही नाही. आणि वरून जिवंत प्रवाळ आणि शेवाळ चढलेलं मेलेलं प्रवाळ, दोन्ही तपकिरीच दिसतं. एका ठिकाणी आमच्याकडच्या चित्रात 'प्रवाळ' म्हणून रंगवलेलं होतं. दोरीनं कॅमेरा सोडला तर खाली नुसता चुरा, बोटाएवढ्या फांद्यांचे तुकडे, वर हिरवट बुळबुळीत थर. मधोमध एकच जिवंत गड्डा, आपल्या फुलकोबीएवढा. कॅमेरा खाली सोडल्याशिवाय कळलंच नसतं. २०१७ ला जगाच्या समुद्रतळाचा नीट मोजलेला भाग ६ टक्के होता, २०२५ पर्यंत २७.३ झाला, तोही असंच कुणीतरी ये-जा करून.

येळ्ळूरकर:
मी नुसतं वाचूलो होतो पण नकाशा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या शिवारात चौघं आले, हातात काठी, काठीवर डबा. "काही नाही अण्णा, नुसता सर्व्हे." मी ताक दिलं त्यांना. सहा महिन्यांनी नोटीस, तीही कन्नडमधून, बाबांना वाचता येईना, गल्लीतल्या कॉलेजच्या पोराकडून वाचून घेतली. बासमतीच्या वाफ्यात आज पिवळा दगड उभा आहे. समुद्राचा नकाशा झाला की तिथंही कुणीतरी बंदर नाहीतर रिसॉर्ट घेऊन येणार बघा. माशाला तर नोटीस पण येत नाही.

खानापूरकर:
दादा, वाईट वाटलं. पण नकाशा नव्हता म्हणून कुणाची जमीन राहिली असं कधी झालंय?

येळ्ळूरकर:
तुमची गेलेली नाही म्हणून सुचूलंय हे.

निपाणीची अक्का:
लक्षद्वीप लांब वाटत असेल तर आपल्याच राज्यात मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे, तिथं प्रवाळ आहे. नौदल त्या बेटावर नेमबाजीचा सराव करायचं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

शहापूरचा बंड्या:
"आपल्याच राज्यात"? कुठल्या राज्यात अक्का?

निपाणीची अक्का:
सुरू झालं ह्याचं. प्रवाळावर बोल की रे.

शहापूरचा बंड्या:
बेळगावात कुठलाही विषय काढा, शेवटी सीमाप्रश्नावरच येतो, मी काय करू. पण नोटीस कन्नडमधून का, हे येळ्ळूरकरांचं बरोबरच आहे.

खानापूरकर:
हवं तर आपल्या कोकणासमोरचं घ्या. आंग्रिया बँक, विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर पश्चिमेला, पाण्याखालचं पठार, त्यावर प्रवाळ. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं.

शहापूरचा बंड्या:
ठेवीवर व्याज किती देते? माझे आधीच एका पतसंस्थेत बुडालेत, तेही पठार पाण्याखालीच आहे. आणि तळ मोजायची एवढी हौस असेल तर आपल्याला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचा मोजा, गाळ किती साठलाय ते. मोटर लावायला रात्री दोनला उठतोय, नळातून आधी अर्धा तास हवा, मग घागरभर लाल पाणी.

टिळकवाडी कट्टा:
त्याचा गाळाशी संबंध नाही, पाइपलाइन जुनी आहे.

शहापूरचा बंड्या:
तुमच्याकडे चोवीस तास येतंय म्हणून सुचतंय. गाळच आहे.

येळ्ळूरकर:
गाळ बघायचा तर बळ्ळारी नाल्याला या. दर पावसाळ्यात पाणी भातात शिरतं, रोपं आठ-आठ दिवस बुडून कुजतात. काढा काढा म्हणून घसा बसला. किती काढायचा विचारलं तर मोजमापच नाही म्हणतात.

निपाणीची अक्का:
आत्ताच तर म्हणत होता मोजणी नको!

येळ्ळूरकर:
शेताची नको, नाल्याची पाहिजे. एवढं कळत नाही काय?

खानापूरकर:
मी तेच सांगतोय सकाळपासून! धरणाचा गाळ असाच मोजतात, छोटी बोट, खाली एको साउंडर, तशाच सरळ रेघा, आणि धरण बांधतानाच्या जुन्या उंचीतून आजचा तळ वजा. उन्हाळ्यात हिडकल धरणाचं पाणी उतरलं की विठ्ठलाचं देऊळ वर येतं, तेव्हा सगळे फोटो काढायला पळता, देवळाभोवती गाळ किती चढलाय विचारलंय कुणी? लक्षद्वीपला जे यंत्र तेच इथं. तिकडचं रिकामटेकडं आणि इकडचं गरजेचं, हे कसं?

शहापूरचा बंड्या:
आवाज चढवू नकोस. यंत्र एक म्हणून पैसे पण एकाच खिशातले काय? आधी नळाला पाणी, मग माशांची घरं.

टिळकवाडी कट्टा:
त्या बेटावरच्या माणसासाठी तेच प्रवाळाचे खडक लाटा अडवतात, त्याच्याही घराचाच प्रश्न आहे तो.

शहापूरचा बंड्या:
बरं बाबा, बेटवाल्यांचं राहू दे. एवढं मान्य की उथळ पाणी मोजणं अवघड असतं हे माहीत नव्हतं, मला वाटलेलं खोलवरच सगळी मजा. बाकी एक शब्द मागे घेतलेला नाही. तुझी बोट राकसकोपला आण, पेट्रोल मी भरतो.

खानापूरकर:
डिझेल लागतं. आणि माणसं चार.

शहापूरचा बंड्या:
बघा, मोजायच्या आधीच खर्च वाढवला.