मदत हवी आहे: इंग्रजी 'रँकर'ला (rancour) नेमका मराठी शब्द कोणता?

मंडळी, मी खानापूरचा. दहावीतल्या पुतणीनं काल विचारलं, "काका, रँकर म्हणजे?" 'वैर' म्हणून मोकळा झालो. मग डिक्शनरी उघडली. मूळ लॅटिन 'रँकेरे', म्हणजे कुजणं, वास मारणं. खवट तेलाचा 'रँसिड' याच घरातला! डब्याच्या तळाशी राहिलेलं पिवळं खोबरं आठवलं. खवट बोलणं आपणही म्हणतोच की. पण तो स्वभाव झाला. रँकर मनात राहून राहून नासलेला. आकस? डूख? अढी फारच सौम्य वाटते. शेजारच्या अक्कांनी कन्नड 'हगे' सुचवला, तोही थेट वैरच. निपाणीकडं, बेळगावात, बांधावरून २० वर्षं न बोलणाऱ्या भावांच्या मनात असतं त्याला काय म्हणता? परवा तिचा पेपर आहे.