मदत हवी आहे: झेब्राफिशच्या मेंदूत पेशी विभागतायत, पण नवे न्यूरॉन दिसतच नाहीत

कल्ला
प्रौढ झेब्राफिशच्या मेंदूला सुईने इजा केली, बीआरडीयू (विभागणाऱ्या पेशीच्या नव्या डीएनएत बसणारी खूण) टोचलं, सेक्शन कापून स्टेनिंग केलं. बीआरडीयूच्या पेशी भरपूर दिसतात, पण न्यूरॉनच्या एचयूसी-डी खुणेशी जुळणारी एकही नाही. हा मासा न्यूरॉन परत बनवतो असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, मग माझ्या स्लाइडवर का नाहीत? अँटिबॉडी बदलून झाली. गाईडना लवकर काहीतरी दाखवायचंय. ‘पेपर वाचा’ सांगू नका, वाचलेत.

सूक्ष्मदर्शी
इजा मेंदूच्या कुठल्या भागात? सेरेबेलम (मागचा लहान मेंदू) असेल तर गोष्टच वेगळी. प्रौढ माशात तिथल्या पर्किंजे पेशी (मोठे न्यूरॉन) फारशा परत येत नाहीत. आणि इजेनंतर किती दिवसांनी मेंदू फिक्स केलात, म्हणजे रसायनाने पेशी होत्या तशा थांबवल्यात? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

आम्ल_नको
बीआरडीयू सोडा, ईडीयू घ्या, खूण तशीच पण आम्ल लागत नाही. बीआरडीयूसाठी डीएनए उलगडायला हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवावं लागतं, त्यात दुसऱ्या अँटिबॉडीचं लक्ष्य बिघडू शकतं. मी ईडीयूवर आल्यापासून ही कटकट संपली.

सूक्ष्मदर्शी
@आम्ल_नको, एचयूसी-डी मुळीच दिसत नाही असं कुठे म्हटलंय? दोन्ही एकाच पेशीत जुळत नाहीत, अशी तक्रार आहे. आधी वेळ विचारू या, रसायनं नंतर.

कल्ला
टेलेनसेफॅलॉनच (मेंदूचा पुढचा भाग), अजून कुठला! जुने न्यूरॉन एचयूसी-डीने छान उजळतात. बीआरडीयू तिसऱ्या दिवशी, फिक्स चौथ्या दिवशी.

रेडियल
मग अडचण इथेच आहे. तिसऱ्या दिवशी विभागतात त्या मुख्यतः व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) कडेच्या रेडियल ग्लिया, म्हणजे मूळपेशींचं काम करणाऱ्या आधारपेशी, आणि त्यांच्यापासून झालेल्या पूर्वज पेशी. त्यांनी न्यूरोब्लास्ट (कच्चे न्यूरॉन) व्हायचं, जखमेपर्यंत सरकायचं, मग न्यूरॉन व्हायचं. एका दिवसात कसं होईल? बीआरडीयू आता देता तसंच द्या, पण फिक्स इजेनंतर तीन आठवड्यांनी करा. २०११ साली ड्रेस्डेनच्या गटाने रेडियल ग्लियांवर कायमची जनुकीय खूण करून त्यांची संतती शोधली होती. ते नवे न्यूरॉन तीन महिन्यांहून जास्त टिकले.
आत्ताच्या स्लाइड टाकू नका. पीसीएनए (विभागणीची खूण) आणि एस१००-बीटा (ग्लियाची खूण) लावा, विभागणारी पेशी ग्लिया आहे हे तरी गाईडना दाखवता येईल.

दाह_हवाच
सगळे दाह विसरता! २०१२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की इजा न करता यीस्टपासूनचं झायमोसान टोचून नुसता दाह घडवला तरी रेडियल ग्लिया विभागू लागतात. ल्यूकोट्रायीन सी४ या दाहातल्या रेणूचा संकेत त्यात असतो. @कल्ला, माशांना दाह दाबणारं काही दिलंत का? डेक्सामेथासोन वगैरे?

सूक्ष्मदर्शी
पेशी भरपूर विभागतायत असं पहिल्याच ओळीत आहे. दाह दबला असता तर त्याच कमी दिसल्या असत्या. मुद्दा खरा, पण या प्रश्नाचा नव्हे.

दाह_हवाच
विभागणं आणि न्यूरॉन होणं वेगळं, म्हणूनच विचारलं.

आशा७
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या वडिलांना पक्षाघात झालाय. या माशांपासून माणसासाठी औषध निघालंय का?

रेडियल
आशाताई, असं औषध अजून नाही. आपल्या मेंदूत इजेनंतर अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी व्रण बांधतात आणि गेलेले न्यूरॉन बहुतेक परत येत नाहीत. पण उरलेले न्यूरॉन नवे जोड बांधतात, फिजिओथेरपी त्यासाठीच असते. ती सुरू ठेवा, बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आम्ल_नको
रेटिना करा ना! तिथल्या आधारपेशी, म्युलर ग्लिया, फार लवकर जागतात.

कल्ला
रेटिना नको. @रेडियल, तीन आठवड्यांनी नवे न्यूरॉन दिसले तरी ते इजेमुळेच झाले हे कसं ओळखायचं? या माशात नवे न्यूरॉन एरवीही बनतात ना?

रेडियल
बनतात, म्हणून त्याच माशाचा इजा न झालेला गोलार्ध शेजारी मोजा, शिवाय काही मासे सुई न लावता ठेवा. एरवीचे नवे न्यूरॉन व्हेंट्रिकलच्या पट्ट्याजवळच राहतात. इजेच्या बाजूला ते आत खोलवर, जखमेच्या आसपास सापडले पाहिजेत. फक्त कडेचा पट्टा मोजलात तर फरक हुकेल.
सुई कुठून घातलीत? या माशाचं टेलेनसेफॅलॉन बाहेर उलटलेलं असतं, व्हेंट्रिकल वरच्या पृष्ठभागावर पातळ पडद्याखाली. वरून टोचलंत तर मूळपेशींचा थरच फाटतो. नाकपुडीतून गेलात तर तो वाचतो.

कल्ला
वरून. पुढची तुकडी नाकपुडीतून करते. सुई किती जाडीची घेऊ?