अमेरिकेत आई-वडिलांचा मुक्काम वाढवावा, की सहा महिन्यांत परत यावं?

कृष्णाकाठ (सांगली): लेकीच्या बाळंतपणाला बी-२ (पर्यटक) व्हिसावर गेलेल्यांना गरज असेल तर खुशाल मुदतवाढ मागावी, असं माझं मत. कायद्यातच सोय आहे, मग भ्यायचं कशाला? मात्र पासपोर्टवरच्या दहा वर्षांच्या व्हिसाकडे बघू नका. राहायची मुदत आय-९४ वरची (अमेरिकेत शिरताना होणारी प्रवेशाची नोंद), बहुधा सहा महिन्यांची. त्या तारखेच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज दाखल व्हायला हवा. ४५ दिवस आधी भरा, असं यूएससीआयएस (हे अर्ज हाताळणारं अमेरिकी सरकारी खातं) स्वतःच सांगतं. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७०. जोडीदारासाठी आय-५३९ए हा पुरवणी फॉर्म त्याच अर्जाला जोडायचा, वेगळी फी नाही.

अजिंक्यतारा (सातारा): अजिबात पटत नाही. पोचपावती म्हणजे परवानगी नव्हे. निकालाला महिनोन्‌महिने लागतात. वेळेत भरलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत बेकायदा दिवस मोजत नाहीत, हे खरं. पण आय-९४ ची तारीख उलटल्यावर नकार आला की तोच दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो, आणि नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. १८० दिवसांच्या वर राहून देश सोडला तर तीन वर्षं बंदी, वर्षभर राहिलात तर दहा. चार महिन्यांच्या जादा मुक्कामासाठी पुढची सगळी ये-जा पणाला लावायची? त्यापेक्षा सहा महिन्यांत परत या, पुढच्या वर्षी परत जा.

कृष्णाकाठ: नकार बहुतेकदा अर्धवट कागदांमुळे येतो. "नातवाला सांभाळायचंय" एवढंच लिहिलं तर ते घरकामच वाटणार, आणि या व्हिसावर काम चालत नाही. सिझेरियननंतर गुंतागुंत असेल तर डॉक्टरांचं तारखेसह पत्र लावा, परतीचं तिकीट लावा, खर्च कोण करणार त्याचं बँक स्टेटमेंट लावा. आणि "अजून थोडे दिवस" असं मोघम नको, नेमकी तारीख मागा.

मिरज जंक्शन: भारतात परतायची ओढ दाखवायला तासगावकडचे बागायतदार सातबारा जोडतात. चांगलंच आहे, पण मराठी उतारा तसाच पाठवून चालत नाही. सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याची सही: भाषांतर पूर्ण व अचूक आहे, दोन्ही भाषा मला येतात. नोटरीच्या शिक्क्यासाठी धावपळ करतात, तो लागत नाही. हे निवेदनच राहून जातं.

अजिंक्यतारा: कागद चोख असले तरी विम्याचं काय? प्रवास विमा संपायच्या आत वाढवावा लागतो, आणि रक्तदाब-मधुमेहासारखे जुने आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. साठीच्या पुढच्या माणसाला तिथल्या दवाखान्यात एक रात्र काढावी लागली तर ते बिल मुलीच्या घरावर येतं. माझा खरा विरोध त्यासाठी आहे.

कृष्णाकाठ: विम्याचं मान्य. वाढीव विमा मिळत नसेल तर अर्जाच्या भानगडीतच पडू नये.

मिरज जंक्शन: पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नये, भारतीय वकिलातीतून मिळतो. आणि निकालाआधीच परत निघालात तर पोचपावती व बोर्डिंग पास जपून ठेवा. पुढच्या वेळी विमानतळावर विचारलं तर तेच दाखवायचे.