सगळ्या गिटारींचा नेक (डाव्या पंजात धरायची दांडी) सारखा हवा की वेगळा? तुमचे अनुभव लिहा

एकापेक्षा जास्त गिटारी वाजवणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. ब्रँडपेक्षा हाताबद्दल लिहा: अंगठा कुठे टेकतो, बेंड (तार बाजूला ओढून स्वर चढवणं) कसा जातो, बार कॉर्ड (एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायचा) किती वेळ धरवतो.

सुरुवात मी करतो. मला सारखेपणा हवा. ऑर्केस्ट्रात एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं सुरू होतं, मधल्या वेळात गिटार बदलायची असते. माझ्या दोन्ही इलेक्ट्रिक २५.५ इंच स्केलच्या (तारेची वाजणारी लांबी), ९.५ इंच रेडियसच्या (बोटांखालच्या पाटीची गोलाई; आकडा लहान तितकी ती जास्त), नेक साधा ‘सी’ आकाराचा. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) मात्र अगदी वेगळे. मला फरक आवाजात हवा, हाताखाली नको.

डोंबिवली
माझं बरोबर उलट. स्ट्रॅट आणि लेस पॉल या दोन्ही इलेक्ट्रिक वाजवते. स्ट्रॅटचं स्केल २५.५ इंच, लेस पॉलचं २४.७५, म्हणजे त्याच तारा त्याच सुरात लावल्या तरी ताण साधारण ६ टक्क्यांनी कमी. स्ट्रॅटवर पूर्ण स्वराचा बेंड जोर लावून न्यावा लागतो. लेस पॉलवर तो सहज चढतो, मग मी वरच्या स्वरावर रेंगाळते, मींड घेतल्यासारखी. एकच सोलो दोन्हींवर वेगळा होतो. हे सुख मी सोडणार नाही.

मडगाव
घरी नायलॉन तारांची यामाहा सी४०, चर्चच्या क्वायरला स्टील तारांची एफ३१०. एकीचा नट (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ५२ मिमी रुंद, दुसरीचा ४३. एफ३१० वर उघडा ‘ए’ धरताना तीन बोटांची एकाच फ्रेटमध्ये (नेकवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधली जागा) दाटी होते. नायलॉनवर ऐसपैस जागा, पण अंगठा वरून आणून सहावी तार दाबणं विसराच. दोन वेगळी वाद्यं समजूनच वाजवावीत.

नाशिक
पातळ नेक म्हणजे हाताला आराम, असं सगळे सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. मेटल वाजवायचो, सगळे नेक पातळ आणि चपटे. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, सकाळी पाण्याची बाटली उघडताना कळ यायची. फिजिओथेरपिस्टनी वाजवताना हात बघितला. नेक पातळ असल्यामुळे तळव्याला कुठेच टेकू नव्हता, अंगठा सतत चिमटीत दाबत होता. जाड नेकवर पंजा भरतो, भार सगळ्या हातावर वाटला जातो. आता माझ्याकडच्या सगळ्या गिटारी जाड नेकच्या आहेत. वेग किंचित कमी झाला, पण तास-दीड तास न थांबता वाजवता येतं. दुखणं अंगावर काढू नका, आधी दाखवून घ्या.

दादर
आकाराचं मी जमवून घेतो, फिनिशचं नाही. जून ते सप्टेंबर चकचकीत लॅकरचा नेक घामाने तळव्याला चिकटतो. नेकची मागची बाजू अगदी बारीक स्टील वूलने हलकेच घासून मॅट केली. घासताना पिकअपवर कागद चिकटवा, नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकावर बसतो.

कोल्हापूर
जुन्या पद्धतीची ७.२५ इंच रेडियसची एक आहे. बार कॉर्डला बोट छान बसतं. अ‍ॅक्शन (तारांची पट्ट्यांपासूनची उंची) खाली आणली की वरच्या फ्रेटवर बेंड मात्र मध्येच मरतो. ती फक्त ऱ्हिदमला.

धागाकर्ता
नाशिककर, जाड म्हणजे नक्की किती? पहिल्या फ्रेटपाशी मोजून सांगाल का?

नाशिक
कॅलिपर लावला. पहिल्या फ्रेटला २४ मिमी, बाराव्याला २५.५.